खोडलेली पापणी

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तोही चित्रकलेच्या. सांगण्यापेक्षा काढून दाखवणं मला सोपं जातं. पण मध्यंतरी, ज्या डॉक्टरीणबाईंकडे माझे उपचार चालू आहेत तिथे, एक मुलगी तपासायला आली होती. तिची आई बाहेरच्या बाकावर शेजारणीला सांगत होती की पोरगी नाटकं करते, सकाळी चांगली असते आणि संध्याकाळी अभ्यासाला बसवलं की डोळे मिटते. मला त्या मुलीच्या आईशी बोलायचं होतं. धीर झाला नाही. त्यांना सांगायचं राहिलं, ते इथे लिहितो आहे.

आजाराचं नाव मायस्थेनिया. नसेकडून निघालेला निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. विश्रांती घेतली की थोडा पोचतो, काम करत राहिलं की पोचायचा थांबतो. म्हणून माणूस सकाळी धड असतो आणि संध्याकाळी नसतो. मला समजलेलं एवढंच. बाकीचं डॉक्टरांना विचारावं. आई म्हणते, नावात माय हाय, पण मायेचा गुण एक नाय.

माझ्या आजाराची कागदपत्रं म्हणावीत तर ती माझी स्वतःची चित्रं आहेत. आरशात बघून काढलेली. आज ती ओळीने भिंतीला लावून बघितली, तर डॉक्टरांकडे जाण्याच्या कितीतरी आधी आजार तिथे दिसतो. फक्त तो आम्ही खोडून टाकला होता.

फुकटचं मॉडेल

आमचं फुलांचं रान गंगापूर रोडच्या पलीकडे. गुलाब, शेवंती, झेंडू. वडील, म्हणजे आबा, उजाडायच्या आत फुलांच्या पाट्या सायकलला बांधून बाजारात न्यायचे. मी चित्रकलेला जातो म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं होतं, की शिकून पाट्या रंगवणार का. दुकानांच्या पाट्या, असं त्यांना म्हणायचं होतं. मी हो म्हणालो. खरं काय ते मलाही नीट माहीत नव्हतं.

कॉलेजात डोकं काढायला शिकवायचे. रोज नवा माणूस बसायला कुठून आणायचा? आमचे सर म्हणायचे, "फुकटचं मॉडेल आरशात बसलंय, त्याला चहासुद्धा लागत नाही." दर आठवड्याला प्रत्येकाने स्वतःचा चेहरा काढायचा, एक वर्गात आणि एक घरी.

पहिल्या वर्षीचं माझं पहिलं चित्र अजून आहे. त्यात मी गोरा आहे, कारण कागद बराचसा कोराच ठेवला आहे. नाक सरळ. ओठ पातळ. मानेला शर्टाची कडक कॉलर, जी माझ्या एकाही शर्टाला नव्हती. आईने बघितलं आणि म्हणाली, "ह्यो कोण? भांगबी उलटा हाय." भांग उलटा असणारच, आरशातून काढलेला. मी तिला समजावायला गेलो, पण पुढे माझ्याच मनात ते राहिलं. स्वतःचं चित्र काढणारा जो चेहरा काढतो, तो घरातल्या कुणी कधी बघितलेलाच नसतो. तो फक्त त्याचा आणि आरशाचा असतो.

त्या चित्रातला मुलगा मला आज आवडत नाही. पण त्याला काय व्हायचं होतं ते स्वच्छ दिसतं. त्याला आमच्या रानातला दिसायचं नव्हतं.

सर रबर काढतात

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात माझी घरची चित्रं बिघडायला लागली. वर्गात, सकाळच्या उजेडात काढलेलं चित्र बरं यायचं. घरी दिवसभराची कामं आटोपून संध्याकाळी बल्बखाली काढलेल्या चित्रात डावी पापणी खाली आलेली असायची. बुबुळाचा वरचा भाग झाकलेला. मी दिसतं तसं काढत होतो. निदान त्या वेळी मला तसं वाटत होतं.

सरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. म्हणाले, "वर्गातलं तुझं. हे घरून आणलंस ते कोणी काढून दिलं?"

सगळे हसले. मीही हसलो. सरांनी खिशातून रबर काढलं, माझी पापणी खोडली आणि दोन डोळ्यांमधून एक आडवी रेघ मारून नवी पापणी उजव्या डोळ्याच्या बरोबरीला बसवली. "माणसाचे डोळे एका रेषेत असतात. आधी रेघ, मग डोळे." चूक त्यांची नव्हती. आमच्यापैकी अर्ध्यांचे डोळे वरखाली यायचे, आणि त्यांना रोज तेवढंच सांगावं लागायचं.

त्यानंतर मी घरी आधी रेघ मारायला लागलो. आरशात पापणी खाली असायची, कागदावर मी ती रेघेवर नेऊन ठेवायचो. त्या हिवाळ्यातली सगळी चित्रं सरांनी बरी म्हटली. किती मेहनतीने सरळ केले आहेत ते डोळे.

हा कर

घरात वेगळंच चाललं होतं. संध्याकाळ झाली की माझा आवाज नाकातून यायचा, शब्द एकमेकांत मिसळायचे. भाकरी चावताना जबडा थकायचा, तेव्हा मी हनुवटीला खालून हात द्यायचो. एकदा पाणी पिताना ते नाकातून बाहेर आलं. आई बघायची आणि भाकरी दुधात कुस्करून द्यायची.

आबांनी त्यांच्या परीने निदान केलं होतं. माझे धाकटे चुलते दारूने गेले. शेवटच्या वर्षांत तेही असेच यायचे, डोळे अर्धे मिटलेले, बोलणं घसरलेलं. आबांनीच त्यांना पाठीवर टाकून किती वेळा घरी आणलं होतं. त्यामुळे मी दारात आलो की ते म्हणायचे, "इकडं ये. हा कर."

मी तोंड उघडून श्वास सोडायचो. ते जवळ येऊन वास घ्यायचे. वास नसायचा. त्यावर त्यांनी असं ठरवलं होतं, की शहरात शिकलेली पोरं वास न येणारं काहीतरी पितात.

हे रोजचं झालं होतं. मी सायकल लावायचो, चप्पल काढायचो, आणि हा करायचो. एखाद्याने देवाला हात जोडावेत तसं.

मग ताईची सुपारी ठरली. ताई माझ्याहून मोठी. निफाडकडची पाहुणेमंडळी संध्याकाळी आली. मला पुढे करून आबांनी सांगितलं की हा कॉलेजात शिकतो. पाहुण्यांनी काय शिकतोस म्हणून विचारलं. मी उत्तर दिलं, ते मलाच कळलं नाही. मग कोणीतरी गंमत केली, म्हणून मी हसलो. माझ्या हसण्यात ओठांची टोकं वर जात नव्हती. वरचा ओठ मधूनच उचलला जायचा आणि दात दिसायचे. ते हसण्यासारखं दिसत नसे, कुणावर गुरगुरल्यासारखं दिसे. हे मला पुढे चित्र काढताना कळलं. त्या संध्याकाळी मी फक्त एवढं बघितलं, की पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आबांनी मान खाली घातली.

तरी सुपारी फुटली, लग्न पक्कं झालं, ते नशीब. पाहुणे गेल्यावर आबांनी मला एक थोबाडीत मारली. नंतर शांतपणे म्हणाले, "कॉलेज बंद. उद्यापासून माझ्याबरोबर रानात."

ती चपराक मी विसरलो. पण कॉलेज बंद हे दोन शब्द रात्रभर छातीवर होते. मला दुसरं काही येत नव्हतं.

रानात

आबांनी मला नजरेआड होऊ दिलं नाही. फुलं तोडायला बरोबर, बाजारात बरोबर, दुपारी बांधावर भाकरी खायला बरोबर. सकाळी मी त्यांच्या वेगाने फुलं तोडायचो, तर त्यांना वाटायचं की पोरगं ताळ्यावर आलं. आईला तसं बोलूनही दाखवलं.

आणि त्यामुळेच त्यांना दिसलं. एका संध्याकाळी आम्ही शेवंती बांधत होतो. मी जुडी धरायची, त्यांनी सुतळी गुंडाळायची. दिवसभर मी त्यांच्यापासून हातभर लांब गेलो नव्हतो. माझ्या हातून जुडी सुटली. उचलायला वाकलो तर मान वर येईना, हाताने हनुवटी उचलून मी मान वर केली. आबा माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. डावा डोळा पूर्ण मिटला होता, उजवा मिटत होता.

सवयीने ते पुढे झाले, पण हा कर म्हणाले नाहीत. जमिनीवरची फुलं गोळा करत म्हणाले, "तू तर सकाळपासून माझ्यासंगं हायेस."

दुसऱ्या दिवशी फुलं आईबरोबर बाजारात गेली आणि आबा मला घेऊन दवाखान्यात. माझ्या आठवणीत त्यांनी बाजार चुकवलेला तो पहिला दिवस.

ज्या दिवशी कळलं

आधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितलं. सकाळी गेलो होतो, डोळे उघडे होते. त्यांनी चष्मा दिला. आबा त्यांना सांगत होते की साहेब, संध्याकाळी बघा. साहेबांचा दवाखाना संध्याकाळीही असतो, पण गर्दी असते, असं उत्तर मिळालं. तरी आबा मला संध्याकाळी पुन्हा घेऊन गेले आणि गर्दीत उभे राहिले. तेव्हा त्या डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं, उठून उभे राहिले, आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

त्या म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी मला छताकडे बघत राहायला सांगितलं. बघता बघता पापण्या खाली आल्या. मग एक इंजेक्शन दिलं आणि आबांना म्हणाल्या, "तुम्ही याच्या डोळ्यांकडे बघत राहा."

थोड्या वेळाने माझी पापणी वर गेली. आपोआप. दुकानाचं शटर कुणी आतून उचलावं तशी. मला टेबल दिसलं, बाईंचा चष्मा दिसला, आबांचा चेहरा दिसला. कितीतरी महिन्यांनी संध्याकाळच्या वेळी मला आबांचा अख्खा चेहरा दिसला होता.

मग माझी पापणी पुन्हा खाली यायला लागली. आबा बाईंना म्हणाले, "आणखी एक द्या ना."

बाईंनी सांगितलं की हे फक्त ओळखण्यासाठी असतं. औषध गोळ्यांचं, दिवसातून अनेकदा, आणि कदाचित जन्मभर. हा आजार श्वासाच्या स्नायूंवर गेला तर जीव जाऊ शकतो. मग त्यांनी आबांना एक काम दिलं. रोज संध्याकाळी याला एका श्वासात आकडे मोजायला लावा, एक, दोन, तीन. कितीपर्यंत जातो ते लक्षात ठेवा. आकडा घटला तर थांबू नका, घेऊन या.

त्या दिवसापासून दारात आलो की आबा म्हणायचे, "इकडं ये. मोज."

मी मोजायचो. ते तसेच जवळ उभे राहायचे, तेवढ्याच अंतरावर.

कॉलेज पुन्हा सुरू झालं. सकाळी आबांनी माझी सायकल पुसून दारात उभी केली होती.

बारा

गोळ्यांनी बरं चाललं होतं. मग मला ताप आला. खोकला होता, छाती भरली होती. त्या संध्याकाळी आबांनी मोजायला लावलं. पाच कसंबसं निघालं. दहा, अकरा. बारा म्हणायचं तर आधी ओठ मिटावे लागतात. तुम्ही आत्ता म्हणून बघा. माझे ओठ मिटेनात. हवा तशीच निघून गेली.

आबा म्हणाले, "परत." परत सातपर्यंतसुद्धा गेलो नाही.

शेजारच्या रानातला फुलांचा टेम्पो मुंबईला निघायच्या तयारीत उभा होता. आबांनी ड्रायव्हरला गाठलं आणि मला मागे गुलाबाच्या खोक्यांवर झोपवलं. हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत त्यांनी माझी हनुवटी धरून ठेवली होती. त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. घशात नळी. यंत्राचा श्वास, जो माझ्या मनाप्रमाणे येत नसे.

लोकांना वाटतं की अतिदक्षता विभागात माणूस बेशुद्ध असतो. मी जागा होतो. फक्त पापण्या उघडत नव्हत्या, बोट हलत नव्हतं आणि नळीमुळे आवाज नव्हता. कुणाला कळायला मार्ग नव्हता. मामा भेटायला आले, ते माझ्या पायाशी उभे राहून आबांना म्हणाले, "दाजी, पोरगं गेल्यात जमा हाय. आता पोरीच्या लग्नाचं बघा." ते वाईट माणूस नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं असावं, कारण नर्सने कापसाने डोळे पुसले आणि म्हणाली की डोळे कोरडे पडू नयेत म्हणून औषध घातलंय, ते वाहतंय.

या आजाराच्या कुणाच्या उशाशी तुम्ही उभे असाल तर कृपा करून एवढं लक्षात ठेवा. तो ऐकतो आहे.

आबा माझ्याजवळ आले. डॉक्टरीणबाई रोज माझी पापणी अंगठ्याने वर करून बॅटरी मारायच्या, ते त्यांनी बघितलं असणार. त्यांनी अंगठ्याने माझी पापणी वर उचलली आणि समोर वाकून उभे राहिले. बोटाला झेंडूचा वास होता. प्रकाशात त्यांचा चेहरा हळूहळू जमला. म्हणाले, "मी हाय."

पापणी त्यांनी बराच वेळ धरून ठेवली. वेळ संपली म्हणून त्यांना बाहेर काढेपर्यंत.

ताटाच्या पाठीवर

नळी निघाली, मी साध्या वॉर्डात आलो. पहाटे ताप बघायचा, मग चादर बदलायची, मग डॉक्टरांचा फेरा, मग जेवणाची गाडी. गोळीची वेळ हाच माझा दिवस झाला होता. गोळी घेतली की थोड्या वेळाने हात उचलता यायचा आणि काही वेळ तो उचललेला राहायचा. तेवढ्यात जे करायचं ते करायचं.

शेजारच्या खाटेवर नांदगावचे एक काका होते. त्यांचं फुप्फुसांचं दुखणं होतं. तोंडात दात नव्हते, बोलणं मात्र थांबत नसे. मी चित्रकलेचा म्हटल्यावर मला आर्टिस्ट म्हणायला लागले. एका सकाळी गोळी घेतल्यावर मी कागद मागवला, तर म्हणाले, "आर्टिस्ट, माझं एक काढ. पण दात असल्यालं काढ, घरी लावायचंय."

मी शिकवल्याप्रमाणे वरून सुरुवात केली. कपाळ, केस, एक कान. मग हात खाली आला. डाव्या हाताने कोपर धरून उचलायला गेलो, नाही जमलं. काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दात उद्या."

दुसऱ्या सकाळी त्यांच्या खाटेवर चादर नव्हती आणि गादी गुंडाळून उशाला ठेवली होती. माझ्याकडे त्यांचं कपाळ आणि कान राहिला. तेव्हापासून मी कोणाचंही डोकं कपाळापासून काढत नाही. आधी डोळे काढतो. बाकीचं राहिलं तर राहिलं.

वॉर्डात आरसा नव्हता. आई डब्याबरोबर स्टीलचं ताट आणायची. जेवण झालं की मी ते धुऊन त्याच्या पाठीवर स्वतःला बघायचो. त्या ताटातली चित्रं फार थोड्या रेघांची आहेत. दोन डोळे, नाकाची एक बाजू, तोंड. हात किती वेळ टिकेल ते ठाऊक नसायचं, म्हणून जी रेघ नसली तरी चालेल ती मी काढतच नव्हतो. पापणी जिथे होती तिथेच काढली. खोडायला लागणारा जोर माझ्याकडे नव्हता.

दिवसागणिक चित्रातला चेहरा गोल होत गेला. ताट वाकडं आहे, त्यामुळे तसं दिसतं, असं मी धरून चाललो होतो. ताटाचं हसूही यायचं. घरी आलो, भिंतीवरच्या जुन्या आरशासमोर उभा राहिलो, तर ताटातलाच चेहरा समोर होता. गोळ्यांमधल्या एका औषधाने तोंड असं सुजतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. गाल पुढे आले होते, डोळे आत गेले होते, जिवणी लहान झाली होती. मी मागे वळून बघितलं, की आणखी कोण उभं आहे. आई म्हणाली, "तूच हायेस. बस, गोळीची वेळ झाली."

त्या रात्री मी जेवलो नाही. मरणाची भीती वाटली होती त्याहून ही वेगळी होती. मी वाचलो होतो, आणि जो वाचला त्याला मी ओळखत नव्हतो.

एक हात डोळ्यावर

कॉलेजात परत गेलो तेव्हा काही वर्गमित्रांनी मला ओळखलं नाही. एकाने विचारलं की घरी तूप फार झालं का. मी हो म्हणालो.

मधल्या काळात छातीतली एक ग्रंथी काढायची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. त्याबद्दल लिहीत नाही, कारण मला आठवतात ते फक्त टाके. आजार गेला नाही. कमी झाला. दुपारनंतर मला एकाचे दोन दिसायचे. आरशात दोन मी, एक दुसऱ्याच्या खांद्यावर चढलेला. म्हणून मी डाव्या तळहाताने एक डोळा झाकून चित्र काढायचो, आणि आरशात दिसतं तसं म्हणून हातही काढायचो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या चित्राची स्तुती केली. माणसाला अर्धं सत्य बघायचं असतं, असं काहीसं त्यांना त्यात दिसलं. मी मान हलवली. मला एकच आरसा बघायचा होता.

सरांना मी ताटाची चित्रं दाखवली. ते बराच वेळ एकेक कागद बाजूला करत राहिले. एका चित्रावर त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. रबर बाहेर आलं. त्यांनी ते थोडा वेळ बोटांत फिरवलं आणि परत खिशात ठेवलं. म्हणाले, "रेघा कमी झाल्यात तुझ्या. आता वाढवू नकोस."

आज सगळी चित्रं ओळीने लावल्यावर मला जे दिसतं ते असं. पहिल्या वर्षीचा मुलगा हाताने हुशार आहे आणि डोळ्याने आंधळा. दुसऱ्या वर्षीचा बघतो, पण बघितलेलं खोडतो. ताटातल्याला खोडायची ताकद नाही, आणि तिथून पुढची चित्रं माझी आहेत. आजाराने मला चित्रकार केलं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आजाराने माझे हात नेले, आवाज नेला, नांदगावच्या काकांचे दात काढायचे राहिले ते राहिलेच. मोठं चित्र मी अजून उभं राहून काढू शकत नाही. फक्त एवढं झालं, की जे उरलं त्यात खोटं काढायला जागा नव्हती.

प्रदर्शन

शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात मी एकच चित्र लावलं. माझाच चेहरा, गोल, सुजलेला, तोंड उघडं. खालचा ओठ वर यायला निघालेला आणि वाटेत थांबलेला. ते मला बऱ्याच सकाळी मिळून काढावं लागलं. बघणाऱ्यांनी निरनिराळं सांगितलं. कुणाला तो ओरडणारा वाटला, कुणाला गाणारा. एका बाईंना जांभई वाटली.

आबा बाजारातून परस्पर आले होते. प्रदर्शनाच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. तिथे कुणी काढत नाही, हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. माझी चित्रं त्यांनी घरी कधी निरखून बघितली नव्हती. इथे ते थेट त्या चित्रासमोर जाऊन उभे राहिले. नेहमीच्या अंतरावर, मला मोजायला लावताना उभे राहतात तेवढ्या.

शेजारचे दोघे चित्र कशाचं असावं यावर बोलत होते. आबांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मला म्हणाले, "हे बारा हाय."

मी म्हणालो, "हो आबा."

ते अजून थोडा वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळले, आणि भरल्या हॉलमध्ये, घरच्या आवाजात म्हणाले, "मोज."

मी मोजायला लागलो. शेजारचे दोघे वळून बघायला लागले. आबा माझ्या ओठांकडे बघत होते. बाराला ओठ मिटले, तेरा आलं, चौदा आलं. मी पुढे जात होतो, पण आबा थांबले नाहीत. त्यांनी पाठ वळवली, दाराशी जाऊन चपला घातल्या. तिथून म्हणाले की ऊन चढायच्या आत रानात गेलं पाहिजे, संध्याकाळी लवकर घरी ये, परत मोजायचंय.